उपरण्याखालची बोटं

भिंगार,
ता. १८ जानेवारी १९७३

चि. राधाकृष्ण,
यमुनामावशीचे पोटभर आशीर्वाद.

तू सहा वर्षांचा असताना एकदा आपण दोघं आमच्या मागच्या पायरीवर वाटाणे सोलत बसलो होतो, ते तुला आठवतं का? असेच थंडीचे दिवस होते, ऊन पाठीवर येत होतं, आणि तुझी आई आत शिवणाच्या मशीनवर होती. मी दोन दाणे पातेल्यात टाकत होते, तू एक पातेल्यात आणि एक तोंडात. मग एक तू नाकात घातलास. का घातलास ते तुला तेव्हा सांगता आलं नाही. (आता डॉक्टर झाल्यावर सांगता येत असेल तर कळव.) मी तुला उलटं धरलं, तपकीर हुंगवली, मारुतीला नारळ बोलले, आणि दिवेलागणीला तू एकदाचा शिंकलास. तुझ्या आईला यातलं आजतागायत काही ठाऊक नाही. हे आज उकरून काढायचं कारण एवढंच, की तुझ्या हातून काही चुकलं तर ते मावशीच्या पोटात राहतं याची तुला खात्री असावी. तेवढी खात्री असली म्हणजे पुढचं पत्र तू न चिडता वाचशील.

तुझी प्रकृती कशी आहे? सूनबाईंचा खोकला गेला का? बाळाला दात आले असतील, आणि तो ते वापरत असेल. पुण्याच्या मोठ्या इस्पितळातलं काम वाढल्यापासून तू इकडे फिरकला नाहीस. आमच्या या घरातल्या अकराही विसराळू म्हाताऱ्या तुझी आठवण काढतात. म्हणजे रोज कोणीतरी विचारते की तो गोरा डॉक्टर कुठे गेला, आणि कोणीतरी सांगते की तो कधी आलाच नव्हता. माझा गुडघा आहे तसाच आहे. दुष्काळाने विहिरीचा तळ दिसतो, पण कॅन्टोन्मेंटचा टँकर एक दिवसाआड येतो, त्यामुळे प्यायच्या पाण्याची ददात नाही. अंघोळी मात्र वारावर आल्या आहेत. इतरांना आपला वार लक्षात राहत नाही, म्हणून त्या कुणाच्याही वारी अंघोळ करतात आणि आनंदात असतात. वार लक्षात ठेवणारी मी एकटीच पारोशी राहते.

आता कामाचं. मिरजगावच्या आक्काबाईंना तू दिवाळीनंतर आपल्या इथे दाखल करून घेतलंस. त्यांची आणि त्यांच्या मालकांची ताटातूट झाली आहे, या वयात, पन्नास वर्षांच्या संसारानंतर. आणि ती मिटणं तुझ्या एका सहीवर अडलं आहे. सही कोणत्या कागदावर ते शेवटी लिहिते. आत्ताच लिहिलं तर तू बाकीचं पत्र न वाचता सही करून मोकळा होशील. (तुझे वडील असंच करत. त्यापायी त्यांच्याकडे दोन वर्षं कोंबडीपालनाचं मासिक येत होतं.)

दाखल करण्याचा तो दिवस तुझ्या लक्षात नसणार, म्हणून सांगते. ऑफिसात टेबलाशी तू, समोरच्या खुर्चीत आक्काबाईंचे मालक रंगनाथराव, दाराशी त्यांचा थोरला मुलगा सहादेव, आणि रंगनाथरावांच्या खुर्चीच्या पायाशी जमिनीवर, डोक्यावर पदर घेऊन, आक्काबाई. आपण खुर्ची दिली होती, पण मालक आणि डॉक्टर खुर्चीत असताना त्या कशा बसणार? सहादेवाने तक्रार सांगितली. तो आणि त्याची बायको सकाळपासून दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात, घरी म्हातारा-म्हातारीच असतात, आणि घरात भलतंच चाललं आहे. भरदुपारी बैल सोडून दिलेले सापडतात, कणगीचं झाकण विहिरीत सापडतं, एकदा तर चुलीत पेटतं लाकूड ठेवून दोघंही रस्त्यावर आलेली. विचारलं की आई म्हणते, मीच इसरले. सगळं ऐकून तू तुझा तो वीस प्रश्नांचा कागद काढलास. तो तू इंग्रजीवरून मराठीत केलास आणि मी टाइप करून दिला, म्हणजे निम्मी चूक माझी, हेही लिहून ठेवते.

पहिलाच प्रश्न, पतीचे नाव काय. आक्काबाई गप्प. तू पुन्हा विचारलंस, मोठ्याने. त्या आणखी गप्प. सहादेव सांगायला गेला तर तू त्याला हाताने थांबवलंस आणि लिहिलंस, ‘पतीचे नाव सांगता येत नाही.’ अरे राधाकृष्णा, जे नाव त्यांनी पन्नास वर्षांत तोंडातून काढलं नाही, ते त्या मुलासमोर आणि परक्या पुरुषासमोर काढणार होत्या, आणि तेही ज्यांचं नाव ते हातभर अंतरावर बसलेले असताना? मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटात शिकले, इंग्रजी वक्तृत्वाची दोन बक्षिसं अजून कपाटात आहेत, पण तुझ्या काकांना जाऊन अकरा वर्षं झाली तरी रेशनच्या दुकानात त्यांचं नाव विचारलं की मी तोंडाने सांगत नाही, कार्ड पुढे करते. निदान संक्रांतीच्या हळदीकुंकवासारखं ‘नाव घ्या’ म्हणाला असतास, तरी त्यांनी ते यमकात बसवून दिलं असतं. पुढचा प्रश्न सासरच्या वडीलधाऱ्यांच्या नावांचा. तिथेही तेच, आणि तुझं तेच. मग शंभरातून सात वजा करत जा म्हणालास. त्यांनी विचारलं, शंभर काय? तू म्हणालास, काय असं नाही, नुसते शंभर. त्यावर त्या तुझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिल्या, तिला तू ‘शून्य दृष्टी’ असं लिहिलंस. मी तिथेच होते. ती शून्य दृष्टी नव्हती. त्यांना तुझी कणव आली होती. शेवटी घड्याळ काढायला सांगितलंस. त्यांनी सुरेख गोल काढला, आत बोटांचे ठसे दाखवले, आणि एका बाजूला पापुद्रा सुटलेला. तुला ते बिघडलेलं घड्याळ वाटलं. ती चांगली फुगलेली भाकरी होती.

रंगनाथरावांवर मात्र तू खूश. त्यांनी चाळीस वर्षं काष्टीच्या बाजारात बैलांची दलाली केली आहे. लग्नाला किती वर्षं झाली असं तू विचारलंस, तर ते हसून म्हणाले, तुमचा अंदाज काय? तू म्हणालास पन्नास. ते म्हणाले, डाक्टर, नजर हाय तुमाला. गाव कोणतं, साल कोणतं, सगळ्याला तेच. आधी तुझ्या तोंडून काढून घ्यायचं आणि मग तुझी पाठ थोपटायची. मुलं किती हा एकच प्रश्न त्यांनी तुझ्याकडे परतवला नाही. तीन, असं चटकन सांगितलं. हात धुताना तू मला म्हणालास, या वयात इतकी तल्लख बुद्धी क्वचित पाहायला मिळते.

आणि तुझे ते तीन शब्द. कंदील, चिंच, पाटी. हे ध्यानात ठेवा, पाच मिनिटांनी विचारतो, असं तू आक्काबाईंना सांगितलंस. तेवढ्यात फाटकाशी जीप आली, तुला नगर स्टेशनपर्यंत सोडणारी, आणि तू उठलास, त्या रकान्यात शून्य घातलंस आणि गेलास. बाराव्या दिवशी मी तांदूळ निवडत असताना आक्काबाई येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “बाई, त्या डाक्टरांनी कंदील, चिंच आन् पाटी धरून ठेवाया सांगितल्यात. बारा दीस झालं, धरल्यात. आता सोडू का?” मी म्हटलं, सोडा. त्यांनी असा श्वास सोडला, जसा डोक्यावरचा हंडा उतरवल्यावर सोडावा. (त्या खोलीत विसरलं कोण, हे मी कुणाला बोलले नाही.)

तेव्हाच मी तुला लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण मी स्वार्थी आहे. आपल्या बिबीजान रोज संध्याकाळी कॅन्टोन्मेंटचा बिगुल वाजला की बोचकं बांधून माहेरी निघतात, हे तुला माहीत आहे. त्यांचं माहेर जाऊन चाळीस वर्षं झाली. मी दोन वर्षं रोज फाटकाशी त्यांना समजावत आले, आणि रोज आम्ही दोघी रडत आलो. आक्काबाईंनी तिसऱ्या दिवशी आपलं बोचकं बांधलं आणि म्हणाल्या, चला, मलाबी तिकडंच जायचंय. मग दोघी आवाराला दोन फेऱ्या घालतात. माहेरी आज काय रांधलं असेल ते बोलतात, पाय दुखले की पायरीवर बसतात, आणि उद्या निघू असं ठरवून जेवायला येतात. आजवर एक दिवस रडणं झालेलं नाही. अशी बाई कोण परत पाठवील? स्वयंपाकीणबाई छबूबाईंचं तेवढं मत वेगळं आहे, कारण आक्काबाई आमटीचा नुसता वास घेऊन मीठ किती ते सांगतात. पण स्वतः आक्काबाई रोज दुपारी जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन बसून राहत. मालकांचं आटोपलं असेल असा अंदाज आला की पहिला घास घेत. आणि एस.टी.चा आवाज आला की विचारत, मिरजगावची का?

मागच्या महिन्यात सहादेव वडिलांना भेटीला घेऊन आला. रंगनाथराव निम्मे झाले होते. सदऱ्याची गुंडी एक घर चुकलेली, एक पायतण त्यांचं, एक दुसऱ्या कुणाचं. ते ओसरीवर बाकावर बसले, आक्काबाई खाली त्यांच्या पायाशी, आणि रंगनाथरावांचं उपरणं घसरून दोघांच्या हातांवर पडलं. उपरण्याखाली हातात हात होता. मी खिडकीतून पाहिलं आणि मान वळवली. (कॉन्व्हेंटात मदर बर्नडेटनी अशा वेळी घंटा वाजवली असती.) मग मान परत वळवली, कारण मी माणूसच आहे. मी बाहेर जाऊन त्यांना चहा दिला आणि नातवंडं किती म्हणून विचारलं. रंगनाथराव क्षणभर थांबले, उपरणं हललं, आणि ते म्हणाले, पाच. किती दिवस मुक्काम? उपरणं हललं. दोन. तेव्हा छबूबाईंनी मला आत ओढलं आणि कानात सांगितलं की बाई, ह्यो सौदा चाललाय. छबूबाईंचे वडील बैलबाजारातले. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत, उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी दोघांखेरीज कुणाला कळत नाही. त्या दिवशी ऑफिसातही आक्काबाई त्यांच्या पायाशीच होत्या. ‘तीन मुलं’ हे उत्तर कोणी दिलं, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मग मी एक वाईट काम केलं. कोठीची किल्ली सापडत नाही असं सांगून आक्काबाईंना आत पाठवलं आणि रंगनाथरावांना विचारलं, मुलं किती तुम्हाला? ते हसले, छान हसले, म्हणाले, तुमचा अंदाज काय? मी म्हटलं, एक. ते म्हणाले, बराबर वळखलं. थोरला सहादेव दहा पावलांवर उभा होता, लिंबाच्या झाडाकडे बघत. थोड्या वेळाने रंगनाथराव माझ्याकडे वाकून हळूच विचारू लागले, की इथं एक बाई बसली होती ती कुठे गेली. मी म्हटलं, नाव काय त्यांचं? त्यांनी नाव सांगितलं नाही. बायकोचं नाव घेऊ नये म्हणून सांगितलं नाही की दुसऱ्या कशाने, ते मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही.

दोन दिवसांनी ते गेल्यावर मी आक्काबाईंना धरलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. बैल सोडले ते मालकांनी, झाकण टाकलं मालकांनी, आणि चुलीतलं लाकूड राहिलं त्या दिवशी मालक बाजार नसताना काष्टीला निघाले होते आणि या त्यांना आणायला धावल्या होत्या. दरवेळी ‘मीच इसरले’ म्हणायचं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मी जरा रागावूनच विचारलं की मुलापासून कशाला लपवायचं. त्यावर म्हणाल्या, “चाळीस वर्सं बाजारात त्येंचा शब्द कुनी खाली पडू दिला न्हाई, बाई. आता लोकांनी त्येस्नी येडं म्हनावं व्हय? मला म्हना की. मला चुलीपाशी कोन वळखतंय?”

तर राधाकृष्णा, तू चुकीचं माणूस दाखल करून घेतलंस. आता तो कागद दुरुस्त कर. आक्काबाईंची स्मरणशक्ती तुझ्या-माझ्यापेक्षा बरी आहे असं त्यावर स्वच्छ लिही आणि सही कर, म्हणजे त्या आपल्या माणसापाशी घरी जातील. हीच ती सही. मी बिबीजानचं काय ते बघून घेईन. बाळाला पापा, सूनबाईंना आशीर्वाद, तुझ्या आईला माझी आठवण. वाटाण्याचं सांगू नकोस.

तुझी,
यमुनामावशी

ता. क. वरचा कागद दुरुस्त करू नकोस. पाकीट बंद करण्यापूर्वी पत्र आक्काबाईंना वाचून दाखवलं, तर त्यांनी हात जोडले, असं करू नका म्हणून. त्या शहाण्या आहेत असं डॉक्टरने लिहून दिलं तर सगळं मिरजगाव विचारील की मग बैल कोणी सोडले. शिवाय घरी दिवसभर दोघांखेरीज कुणी नाही, आणि त्यांना एकटीला ते आता आवरत नाहीत, हे त्यांनी प्रथमच कबूल केलं. तेव्हा नवीन कागद कर. असं लिही की रुग्ण आक्काबाई यांचा विसराळूपणा वाढला असून पती सतत जवळ असल्याखेरीज त्यांना स्थळकाळाचे भान राहत नाही, सबब पतीस त्यांच्याजवळ राहू द्यावे. आपलं घर फक्त बायकांचं, त्यामुळे डॉक्टरच्या लेखी हुकुमाशिवाय कमिटी पुरुषाला ठेवू देणार नाही. कागदात खोटं एवढंच, की दोन नावांची जागा बदलली आहे. मदर बर्नडेट सांगत की खोट्यावर सही करणाऱ्यापेक्षा करवून घेणाऱ्याचं पाप मोठं. तेव्हा तू निर्धास्त राहा.

ता. क. दुसरं. ताटातूट झाली आहे असं मी वर लिहिलं, तेही आता पूर्ण खरं नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सहादेव रंगनाथरावांना इथे पोचवून गेला. त्यांना मागच्या गाडीखान्यात ठेवलं आहे. आक्काबाई दुपारी वेळेवर जेवतात. काल आपले अध्यक्ष आप्पासाहेब न कळवता आले. रंगनाथराव त्यांच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, जनावर रुबाबदार हाय, पन मागचा उजवा जरा वडतो. (तो ओढतोच, पण गेली वीस वर्षं कुणी बोललेलं नाही.) आक्काबाई पदर सावरत पुढे झाल्या आणि म्हणाल्या की मीच बोलले, माझ्या डोस्क्याचं काय खरं न्हाई. आप्पासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, रंगनाथरावांकडे पाहिलं, आणि हे गृहस्थ कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं, डॉक्टरांच्या हुकुमाने आहेत, कागद पुण्याहून येतो आहे. कमिटीची बैठक रविवारी, २८ तारखेला आहे. त्याआधी कागद आला नाही तर रंगनाथरावांना परत जावं लागेल.

ता. क. शेवटचं. हे पत्र आणि एक पिशवी घेऊन सहादेव शनिवारी तुझ्याकडे येतो आहे. तो हडपसरला मेहुण्याकडे उतरेल आणि सोमवारी परत फिरेल. पिशवीतलं असं वाटायचं: शेंगदाण्याची चटणी सूनबाईंना, खोकला गेला असेल तरच. तिळाच्या वड्या बाळाच्या नावाने तुला. राखाडी लोकरीचे मोजे तुझ्या आईला. ते बिबीजाननी विणले आहेत, एक गुडघ्यापर्यंत येतो आणि एक घोट्यापर्यंत, तरी उसवू नयेत. मेथीची जुडी शेजारच्या वकीलबाईंना, मागच्या खेपेला त्यांनी मला छत्री दिली होती म्हणून. छत्री मी अजून दिलेली नाही, तिचा विषय काढू नये. तपकिरी पाकिटात कोरा कागद आहे, तो तुझा. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. सही करून तो सहादेवाच्याच हाती दे, पोस्टात टाकू नकोस. पाकीट चिकटवलं नाहीस तरी चालेल. सहादेव सातवी पास आहे, पोथीसुद्धा वाचतो. पण परवा वडिलांना सोडून जाताना त्याने त्यांच्या बाजारातल्या उपरण्याची धुवून केलेली घडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, आईजवळ असू द्या, तिला लागंल. तो तुझा कागद उघडून बघणार नाही.